तीन आठवडे, चाळीस वर्षं

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात वीस वर्षांचे पाच तरुण तीन आठवड्यांसाठी अंथरुणावर पडले. त्यांतल्या कोणालाही काहीही झालेलं नव्हतं. पाचही जण धडधाकट होते. दोघं तर नियमित व्यायाम करणारे. तीन आठवडे त्यांना उभं राहायला, चालायला मनाई होती. मग त्यांना उठवलं, ट्रेडमिलवर पळवलं, सायकलवर बसवलं आणि अंगात किती दम उरला आहे ते मोजलं. त्यानंतर आठ आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला आणि पुन्हा मोजलं.

खंड पडल्यानंतर पुन्हा धावायला किंवा सायकल चालवायला लागणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न छळतात. किती गेलं? आणि परत यायला किती दिवस लागतील? या प्रश्नांना आकड्यांत उत्तर देणारे जे मोजके प्रयोग आहेत, त्यांत या पाच तरुणांचा प्रयोग सर्वांत गाजलेला. पण धडधाकट माणसांना झोपवून त्यांचं काय होतं ते पाहावं, असं कोणाला का वाटलं असेल, हे समजून घ्यायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागतं. तेव्हाचं वैद्यक हे प्रश्न विचारतच नव्हतं. त्याचा प्रश्न उलटा होता: माणसाला किती दिवस झोपवून ठेवलं म्हणजे पुरे?

विश्रांती नावाचं औषध

१८६३ साली जॉन हिल्टन या लंडनच्या शल्यविशारदाची व्याख्यानं पुस्तकरूपानं आली. मोडलेलं हाड, सुजलेला सांधा, जखम यांना विश्रांती दिली की शरीर स्वतःच दुरुस्ती करतं, हा त्यांचा गाभा. हाडाच्या बाबतीत ते खरंच होतं. पण जे हाडाला लागू ते सगळ्याला लागू, असं मानण्याचा मोह पुढच्या पिढ्यांना आवरला नाही. १८७०च्या दशकात अमेरिकेत सायलस वेअर मिचेल यांनी मानसिक थकव्यासाठी आठवडेच्या आठवडे बिछान्यात पडून राहण्याची उपचारपद्धती रूढ केली. ती मुख्यतः बायकांच्या वाट्याला आली आणि तिथं वाचण्यालिहिण्यावरही बंधनं असत.

हृदयविकाराच्या झटक्याचं निदान विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीट होऊ लागलं, तेव्हा हाच न्याय हृदयालाही लावला गेला. हृदयाच्या स्नायूवरचा व्रण भरून यायला साधारण सहा आठवडे लागतात, तर तेवढे दिवस रुग्णानं हलूच नये. त्याला नर्सनं भरवावं, कूस बदलायलाही मदत करावी. यामागचं तर्कशास्त्र चुकीचं वाटत नाही. अडचण एवढीच होती, की पडून राहिल्यामुळे बाकीच्या शरीराचं काय होतं याचा हिशोब त्यात धरलेलाच नव्हता.

याच काळात निरोगी माणसांमध्ये एक नवं खूळ पसरत होतं. १८८५ साली दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडमध्ये आली, १८८८ साली डनलॉपनं हवेची धाव आणली, आणि १८९०च्या दशकात युरोप-अमेरिकेतले साधे कारकूनही रविवारी वीसवीस मैल सायकल हाणू लागले. डॉक्टर मंडळी धास्तावली. इतकी धाप लागणं हृदयाला झेपेल का? सायकलस्वारांचं हृदय मोठं होतं, ते ताणून सैल पडतं, अशी भीती वैद्यकीय नियतकालिकांतून व्यक्त होऊ लागली. १८९९ साली हेन्शेन या स्वीडिश डॉक्टरनं बर्फावरून लांबच्या शर्यती करणाऱ्या स्कीपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून त्यांच्या हृदयाचा आकार अजमावला आणि तो मोठा असल्याचं सांगितलं. हेन्शेनच्या मते हे मोठं हृदय जास्त काम करणारं, म्हणून चांगलं हृदय होतं. पण पुढची कित्येक दशकं ‘खेळाडूचं हृदय’ हे अनेक डॉक्टरांच्या लेखी एखाद्या आजाराचंच नाव राहिलं.

धावू नकोस म्हणून सांगितलेला माणूस

या भीतीची किंमत मोजलेला एक माणूस म्हणजे क्लॅरन्स डीमार. हा बॉस्टनजवळचा छापखान्यात काम करणारा तरुण. १९११ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनआधी डॉक्टरांना त्याच्या हृदयात एक ‘मर्मर’, म्हणजे ठोक्यांमधली खरखर, ऐकू आली. धावणं सोड, असा सल्ला त्याला मिळाला. डीमार ती शर्यत धावला आणि जिंकला. पण १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकनंतर त्यानं पुढची जवळजवळ दहा वर्षं स्पर्धांतलं धावणं बाजूला ठेवलं. मधे १९१७ मध्ये एकदा तो बॉस्टनला उतरला आणि तिसरा आला, तेवढंच. या खंडाची कारणं अनेक होती: शिक्षण, युद्ध, धार्मिक वृत्तीच्या माणसाला स्पर्धेतल्या यशाबद्दल वाटणारा संकोच. डॉक्टरांचा इशाराही त्यात होताच.

१९२२ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, डीमार परत आला आणि बॉस्टन जिंकला. मग १९२३, १९२४, १९२७, १९२८, आणि शेवटी १९३० मध्ये, एक्केचाळीस वर्षांचा असताना. सात विजय; त्यांतले सहा खंडानंतरचे. साठी ओलांडल्यावरही तो धावत होता.

१९५८ साली तो कर्करोगानं गेला. त्याच्या हृदयाच्या तपासणीचा अहवाल दोन डॉक्टरांनी १९६१ साली प्रसिद्ध केला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या त्याच्या रोहिण्या सर्वसामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद होत्या. त्यांच्या भिंतींवर वयानुसार थोडी चरबी साचली होती, पण नळीच इतकी रुंद की तिनं काही अडलं नव्हतं. एका माणसावरून नियम काढता येत नाही. रुंद रोहिण्या धावण्यामुळे झाल्या की जन्मतःच तशा होत्या, हेही त्या अहवालातून ठरत नाही. पण धावण्यानं हे हृदय झिजवलं, असं मात्र कोणाला म्हणता येईना.

अहवाल लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होते पॉल डडली व्हाइट, त्या काळातले अमेरिकेतले सर्वांत प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ. ते स्वतः सायकल चालवत आणि लोकांनी चालवावी म्हणून जाहीर प्रचार करत. बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीकाठच्या सायकलमार्गाला आज त्यांचं नाव आहे.

खुर्चीवर बसवण्याचं धाडस

व्हाइट यांच्या पिढीत वारं फिरलं, त्यामागं बऱ्याच जणांचे हात होते. १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बिछान्यात पडण्याच्या धोक्यांवरच एक लेख लिहिला: रक्ताच्या गुठळ्या, छातीत साठणारा कफ, आखडणारे सांधे, विरळ होणारी हाडं. १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या ८१ रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांतच बिछान्यावरून उचलून आरामखुर्चीत बसवलं. आज हे सांगताना हसू येईल. तेव्हा ते धाडस होतं. खुर्चीत बसून कोणी दगावलं असतं, तर दोष खुर्चीलाच गेला असता.

१९५३ मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस यांचा अभ्यास आला. तेव्हा लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर दिवसभर जिना चढतउतरत असे. दोघं एकाच गाडीत, जवळपास सारख्याच पगारावर. पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी. पत्रं वाटत पायी किंवा सायकलवर हिंडणारे पोस्टमन आणि खुर्चीत बसून काम करणारे टपालखात्यातले कर्मचारी यांच्यातही तोच फरक दिसला.

मग २४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये हृदयविकाराचा झटका आला. उपचारासाठी व्हाइट यांना बोलावलं गेलं. त्यांनी पत्रकारांसमोर हृदयविकार म्हणजे काय ते देशाला शिकवावं तसं समजावून सांगितलं आणि झटक्यानंतरही माणूस कामावर परतू शकतो, ही गोष्ट लोकांच्या मनावर ठसवली. आयझेनहॉवर पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक लढले आणि जिंकले. १९७३ साली तर टोरोंटोचे डॉक्टर टेरेन्स कॅव्हॅनॉ यांचे काही रुग्ण, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, बॉस्टन मॅरेथॉन धावले.

हा इतिहास आमच्या घरापर्यंत पोचायला वेळ लागला. माझ्या आजोबांना १९७८ साली झटका आला, तालुक्याच्या गावी. सहा आठवडे झाले, सहा महिने झाले, पण त्यांचं पडून राहणं संपलं नाही. ‘अहो, जिना चढू नका’ हे आजीचं वाक्य बाबांच्या बालपणाचा भाग आहे. आजोबांची सायकल पडवीत उभी राहून गंजली. ते त्यानंतर अकरा वर्षं जगले, ती बहुतेक सगळी माजघरातल्या एका खाटेच्या आसपास. यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. डॉक्टर भला माणूस होता, आजी जिवापाड जपत होती. आपल्याकडे आजाऱ्याला आजही ‘आराम पडला का’ असंच विचारतात. बरं होणं आणि पडून राहणं यांना भाषेतच एक शब्द आहे.

दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाई आल्या आणि त्यांना वॉर्डच्या व्हरांड्यात चालवू लागल्या. बाबा त्यांच्याकडे अविश्वासानं बघत होते. त्यांच्या डोळ्यांपुढं खाट होती. पिंपरीच्या कारखान्यात वीस वर्षं सायकलनं गेलेला हा माणूस. घरी आल्यावर दुधाची पिशवी आणायलाही नको म्हणायला लागला. डॉक्टरांनी लिहून दिलेलं चालणं त्यांना औषध वाटत नव्हतं, जुगार वाटत होता. मी त्याच सुमारास चिकनगुनियातून उठत होते. नऊ महिने धावणं बंद होतं, सकाळी घोटे धरलेले असायचे. मी वाचायला लागले ती दोघांसाठी.

दम मोजायचं यंत्र

दम मोजता येतो, ही कल्पना तशी अलीकडची. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मँचेस्टरमध्ये ए. व्ही. हिल हे शास्त्रज्ञ पाठीवर पिशवी बांधून हिरवळीवर गोल धावले आणि उच्छ्वासाची हवा त्या पिशवीत गोळा केली. त्यांना दिसलं ते असं: वेग वाढवत नेला की शरीराचा प्राणवायूचा वापर वाढत जातो, पण एका टप्प्यानंतर वेग वाढला तरी वापर वाढत नाही. ही कमाल मर्यादा म्हणजे आज आपल्या मनगटावरची घड्याळं ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणून दाखवतात तो आकडा. घड्याळ तो अंदाजानं काढतं, प्रयोगशाळेत तो प्रत्यक्ष मोजतात.

त्यासाठी माणसाला एका जागी ठेवून दमवावं लागतं. म्हणून प्रयोगशाळांनी दोन यंत्रं उचलली: ट्रेडमिल आणि जागेवरची सायकल. धावणं आणि सायकल हे लाखो लोकांचे छंद तर आहेतच. शरीराबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञानही याच दोन हालचालींमधून मोजलेलं आहे. स्टॉकहोममध्ये ऑस्ट्रांड यांच्या हाताखाली ही मोजणी शिकलेले बेंग्ट साल्टिन डॅलसला आले आणि तिथल्या गुन्नार ब्लॉमक्विस्ट, जेरे मिचेल यांच्याबरोबर त्यांनी तो पाच तरुणांचा प्रयोग केला.

१९६६ मध्ये या प्रश्नाला आणखी एक निकड होती. माणूस अवकाशात जाऊ लागला होता आणि तिथं तरंगणं हे शरीराच्या दृष्टीनं पडून राहण्यासारखंच. १९७० साली सोयुझ-९ मधून अठरा दिवसांनी परतलेल्या दोन सोव्हिएत अंतराळवीरांना धड उभं राहता येत नव्हतं. म्हणून पुढं स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकात चक्क सायकल नेली गेली. तिथल्या तीन मोहिमा २८, ५९ आणि ८४ दिवसांच्या. दर मोहिमेत व्यायामाचा वेळ वाढवला आणि शेवटच्या मोहिमेत चालण्या-धावण्यासाठीही सोय केली. सर्वांत जास्त दिवस राहिलेली तुकडी पायांतली ताकद सर्वांत चांगली राखून परतली.

किती जातं, कुठून जातं

आता डॅलसचे आकडे. तीन आठवडे पडून राहिल्यावर त्या तरुणांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी २६ टक्क्यांच्या आसपास घटली. हृदयाचं आकारमानसुद्धा साधारण एक दशांशानं कमी झालं. मग आठ आठवड्यांचा व्यायाम. व्यायाम न करणारे जे तिघं होते, ते दोनेक आठवड्यांत मूळ पातळीवर आले आणि तिच्याही बऱ्याच वर गेले. आधीपासून व्यायाम करणाऱ्या दोघांना मात्र मूळ पातळी गाठायलाच महिना किंवा त्याहून जास्त लागला.

धावण्याच्या गटात नव्यानं आलेला मित्र महिन्याभरात भराभर सुधारतो आणि आपण जुने खेळाडू असून रखडतो, याचा अर्थ आपलं शरीर संपलं असा नसतो. त्याला गाठायचा जिना दोन पायऱ्यांचा असतो, आपला दहा पायऱ्यांचा.

पण अंथरूण धरणं वेगळं आणि नुसता सराव सुटणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा हिशोब १९८४ साली एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी मांडला. वर्षानुवर्षं कसून सराव केलेल्या सात जणांनी ८४ दिवस सराव थांबवला. स्कायलॅबच्या शेवटच्या मोहिमेइतकेच दिवस, हा योगायोग. पहिल्या २१ दिवसांत क्षमता ७ टक्क्यांनी उतरली. ५६ दिवसांपर्यंत उतार १६ टक्क्यांवर गेला आणि मग तिथंच थांबला. तीन महिने काहीही न करता ही माणसं, कधीच सराव न केलेल्यांपेक्षा अजून वरच होती.

उतार सगळीकडे सारखा नसतो, हे या अभ्यासांचं खरं देणं. सर्वांत आधी कमी होतं ते रक्तच, म्हणजे त्यातला द्रव भाग कमी होतो. त्यामुळे हृदय दर ठोक्याला कमी रक्त फेकतं आणि नेहमीच्या चढावर ठोके भराभर वाढतात. दोन वर्षांनी कॉइल यांच्याच गटानं सराव थांबवलेल्या खेळाडूंना शिरेतून द्रव दिला, तेव्हा हृदयाची ही घट जवळजवळ भरून निघाली. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत जे गेल्यासारखं वाटतं, त्यातलं बरंचसं पाणी असतं. त्यानंतर उतरते ती स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे पेशींमधल्या ऊर्जाघरांची क्षमता. ही ऊर्जाघरं सरावानं वाढतात, हे जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदरांना पळवून दाखवलं होतं. आणि कॉइल यांच्या सात जणांच्या स्नायूंमधलं केशवाहिन्यांचं जाळं ८४ दिवसांनंतरही तसंच होतं. वाहतूक कमी झाली, रस्ते उखडले नाहीत.

मी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे एखादी गोष्ट बंद पडली की ती एकदम बंद पडली असं मला वाटत नाही; कुठला भाग आधी गेला ते शोधायची सवय असते. नऊ महिन्यांनी पुन्हा धावताना पहिल्या किलोमीटरला जीव वर आला, तेव्हा ही यादी कामाला आली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात श्वास बराचसा ताळ्यावर आला. पण परतणाऱ्याला खरी भीती इथून पुढं असते.

कारण ज्या क्रमानं गोष्टी जातात, त्या क्रमानं त्या परत येत नाहीत. रक्त आणि हृदय आठवड्यांत सावरतं. कंडरा आणि हाडं महिने घेतात. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी जुनं हाड थोडं पोखरतं आणि मग नवं भरतं. या फेऱ्याला तीन-चार महिने लागतात आणि मधल्या काळात हाड कच्चं असतं. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरनं सैनिकांचे पाय लांब कूच केल्यानंतर सुजतात, असं नोंदवलं होतं. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळलं की ती पावलाच्या हाडांतली बारीक चीर होती. खंडानंतर श्वास साथ देतो म्हणून अंतर दुप्पट करणाऱ्याची नडगी दुखते, ती याच कारणानं. सायकलचा इथं उपयोग होतो: हृदयाला काम मिळतं आणि हाडावर आपटा बसत नाही. १९८४ साली जोन बेनॉइटच्या गुडघ्यावर २५ एप्रिलला शस्त्रक्रिया झाली आणि १२ मे रोजी ऑलिंपिकसाठीची निवड शर्यत होती. पाय वापरता येत नव्हता त्या दिवसांत तिनं जागेवरच्या सायकलची पेडल हातांनी फिरवली. तिनं निवड शर्यत जिंकली आणि ५ ऑगस्टला स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत.

अशा गोष्टी ऐकायला आवडतात. ग्रेग लमाँडची तर आणखीनच: १९८७ साली शिकारीच्या अपघातात अंगात छर्रे घुसले, त्यांतले कितीतरी आतच राहिले, आणि १९८९ साली त्यानं टूर द फ्रान्स अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. पण बाबांना मी या गोष्टी सांगितल्या तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, ते ऑलिंपिकवाले. माझ्यासारख्याचं काय?’ त्यांचं बरोबर होतं. लमाँड कसा परतला यावरून साठीतल्या माणसानं पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यावर काय करावं ते कळत नाही. धावण्याचं वेड अमेरिकेत पसरवणारे लेखक जिम फिक्स १९८४ साली बावन्नाव्या वर्षी धावतानाच हृदयविकारानं गेले, हेही मी त्यांच्यापासून लपवलं नाही. फिक्स यांच्या वडिलांनाही तरुणपणीच हृदयविकार झाला होता. धावणं हे विम्याचं कागदपत्र नाही. डॉक्टरांनी घालून दिलेली मर्यादा ही परतण्याच्या वाटेचाच भाग आहे. बाबांच्या उपयोगाची गोष्ट पुन्हा डॅलसमध्येच सापडली.

तेच पाच जण

१९९६ साली, तीस वर्षांनी, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं गेलं. आता ते पन्नास वर्षांचे होते. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेलं होतं, अंगातल्या चरबीचं प्रमाण दुप्पट झालं होतं. पण मिनिटाला किती लिटर प्राणवायू वापरता येतो, हे मोजल्यावर घट निघाली सुमारे ११ टक्के. तीस वर्षांच्या वयवाढीनं जेवढं नेलं, त्याच्या दुपटीहून जास्त विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं नेलं होतं. घड्याळातला आकडा दर किलो वजनामागं असतो, त्यामुळे तो यापेक्षा बराच जास्त घसरलेला दिसतो. त्यातला काही भाग हृदयाचा नसून पोटाचा असतो.

मग त्यांना सहा महिन्यांचा व्यायाम दिला. चालणं, हळू धावणं, जागेवरची सायकल. सुरुवात अगदी थोडक्यावर, वाढवत वाढवत आठवड्याला साडेचार तासांपर्यंत. सहा महिन्यांनी पाच जणांची सरासरी क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर आली होती. १९६६ साली आठ आठवड्यांच्या कसून व्यायामानंतर त्यांनी जी उंची गाठली होती, ती मात्र कोणालाही पुन्हा गाठता आली नाही.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट या आकड्यांच्या आड आहे. विशीत व्यायामानं त्यांचं हृदय जास्त रक्त फेकू लागलं होतं आणि स्नायूही त्या रक्तातून जास्त प्राणवायू काढून घेऊ लागले होते. पन्नाशीत हृदयाचं कमाल काम फारसं वाढलंच नाही. वाढली ती स्नायूंची प्राणवायू उचलण्याची ताकद. आकडा जुनाच आला, पण शरीर तिथं वेगळ्या वाटेनं पोचलं. आपण ‘पुन्हा पूर्वीसारखं’ म्हणतो तेव्हा जुन्या वाटेनं मागं जायचं असतं असं धरून चालतो. या पाच माणसांचं शरीर मागं गेलं नाही, आहे त्या हृदयानिशी पुढं गेलं.

बाबांना मी हे सगळं एका रविवारी वाचून दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘साडेचार तास म्हणजे रोजचे किती?’ चाळीस मिनिटांच्याही खाली, मी सांगितलं, आणि तेही सहा महिन्यांच्या शेवटी. आता त्यांची सायकल सकाळी सपाट रस्त्यावर चार किलोमीटर जाते. डॉक्टरांनी सांगितलेल्या ठोक्यांच्या वर आकडा गेला की ते उतरून हातात धरून चालतात. मी शेजारून हळू धावते. माझ्या नडगीलाही तोच वेग मानवतो.

डॅलसच्या त्या पाचांना २००६ साली आणखी एकदा मोजलं. पाचही जण हयात होते, साठीचे झाले होते. पन्नाशी ते साठी या दहा वर्षांत घसरण वेगानं झाली होती. विशीतल्या मूळ आकड्याच्या तुलनेत एकूण घट निघाली २७ टक्के. विशीत तीन आठवडे पडून राहिल्यानं झालेली घट होती २६. जे न्यायला म्हातारपणाला चाळीस वर्षं लागली, ते अंथरुणानं एकवीस दिवसांत नेलं होतं. फरक एवढाच की अंथरुणानं नेलेलं त्यांनी काही आठवड्यांत परत मिळवलं होतं, आणि पन्नाशीपर्यंत वयानं नेलेलंही सहा महिन्यांत.